धरण न झालेल्या खोऱ्यात एक दिवस

८ फेब्रुवारी २०२४ रोजी, गुरुवारी, मी आणि माझी थोरली बहीण केरळमधील पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यानात एका दिवसाची सहल करून आलो. माझे वय ६१, ताईचे ६७. मल्याळम दोघींनाही येत नाही, ताईचा उजवा गुडघा तिच्या मर्जीने चालतो, आणि आजवरचे आमचे बहुतेक प्रवास सहल कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून झालेले. जाण्यापूर्वी मी या जंगलाबद्दल बरेच वाचले; छायाचित्रे तर ढिगाने पाहिली. पण खिडकीवर नेमके काय मागतात, जीप किती हादरते आणि गुडघेदुखीच्या माणसाने कुठपर्यंत जावे, हे कोणीच लिहिलेले सापडले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हेच जंगल का, याचे कारण थोडे घरगुती आहे. आम्ही दोघी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलो. वडील प्रकल्पाच्या हिशेब विभागात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप मला आठवत नाही, ताईला मात्र घोंगडीसकट अंगणात आणून ठेवल्याचे लख्ख आठवते. पुढे मी स्वतः वीज मंडळात नोकरीला लागले. तिथे एखादा प्रकल्प परवानग्यांत अडकला की आमचे एक वरिष्ठ वैतागून ‘याचीही सायलेंट व्हॅली होणार’ असे म्हणत. त्या नावाचे, लोकांच्या विरोधामुळे धरण रद्द झालेले खरेखुरे खोरे कुठेतरी आहे आणि तिथे जाता येते, हे मला निवृत्तीनंतर कळले. धरणाशेजारी बालपण गेलेल्या बाईला न झालेल्या धरणाची जागा पाहावीशी वाटणे साहजिक आहे, असे मला वाटते. ताईला तसे काही वाटत नव्हते. तिला माकड पाहायचे होते.

तयारी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. उद्यानात खासगी वाहन नेता येत नाही. मुक्काली या गावी वन विभागाचे कार्यालय आहे. तिथे नोंदणी करून त्यांच्या व्यवस्थेतील जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो आणि त्यांच्यासोबतच सैरंध्री या ठिकाणापर्यंत जाऊन परतावे लागते. अंतर एका बाजूने सुमारे २३ किलोमीटर, आणि सगळे मिळून पाच तास. प्रवेश सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत असतो, पण एकच्या सुमारास पोचणाऱ्याला जीप मिळेलच असे नाही. ताईची मुलगी कोइंबतूरला नोकरी करते. तिने फोन करून आमची नोंदणी केली. चार दिवस कधी फोन लागत नव्हता, कधी लागला तर भाषा जुळत नव्हती, आणि शेवटी तिच्या कार्यालयातील एका मल्याळी सहकाऱ्याने दोन मिनिटांत काम केले. आपल्या ओळखीत कोणी मल्याळी असेल तर पहिला फोन त्यांच्याकडूनच करवावा. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळाव्यात, आणि उन्हाळा वाढला की वणव्याच्या भीतीने उद्यान काही दिवस बंद ठेवतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये निघण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे.

आगगाडीचे सांगते, कारण तिथे आमची चूक होता होता राहिली. कुर्ल्याहून सुटणारी कोइंबतूर एक्स्प्रेस पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. तिकिटावर ६ फेब्रुवारी ही तारीख होती, म्हणजे आम्हाला ५ तारखेच्या रात्रीच स्थानकावर असायला हवे होते. ताई ६ तारखेच्या संध्याकाळी भाकऱ्या करायचे ठरवून बसली होती. नातजावयाने तिकीट पाहून विचारले, ‘आजी, गाडी आज रात्रीच आहे ना?’ त्यानंतरच्या तीन तासांचे वर्णन करत नाही. ७ तारखेला सकाळी कोइंबतूरला पोचलो आणि तो दिवस मुद्दाम रिकामा ठेवला. दीड रात्र गाडीत काढून दुसऱ्याच पहाटे घाटात जाणे आमच्या वयाला झेपणारे नव्हते.

कोइंबतूरहून मुक्कालीला जायला आनैकट्टीमार्गे टॅक्सी ठरवली, येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे मिळून ४,५०० रुपये. तमिळनाडूच्या टॅक्सीला केरळात शिरताना वेगळा परवाना-कर भरावा लागतो. तो या रकमेत धरला आहे का, हे भाचीने आधीच विचारून घेतले होते. हे केले नाही तर सीमेवर वाद होतो. केरळातून येणाऱ्यांना पालक्काडहून मण्णारक्काड आणि तिथून घाट चढून मुक्काली हा मार्ग सोयीचा आहे आणि त्या रस्त्यावर बसही मिळतात.

पहाटे पावणेपाचला निघालो. आनैकट्टीच्या आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आहे. तिथे चालकाने गाडीचा वेग कमी केला आणि काचा वर घेतल्या. ‘आनै’ म्हणजे हत्ती, एवढे तमिळ आम्हाला त्या क्षणी समजले. हत्ती दिसला नाही, रस्त्यावर ताजी लीद मात्र होती. सीमेनंतरचा प्रदेश अट्टप्पाडीचा. उजाडताना पाहिले तर दोन्हीकडे खुरटी झुडपे, उघडे खडक आणि कोरडी शेते, अगदी आपल्या माणदेशासारखी. आपण सदाहरित वर्षावनाकडे निघालो आहोत यावर विश्वास बसू नये असे ते दृश्य होते. अट्टप्पाडीचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडे जाऊ लागलो तसा रस्त्याचा रंग बदलत गेला, आधी केळी, मग सुपारी, मग डोंगरावर दाट काळपट हिरवा पट्टा. शेजारून भवानी नदी वाहत होती, ती पूर्वेकडे कावेरीला मिळायला जाते. तर पलीकडच्या खोऱ्यातली कुंती पश्चिमेकडे, भारतपुळा नदीत. कृष्णा-कोयना एका बाजूला आणि सावित्री दुसऱ्या बाजूला सोडणारे आपले महाबळेश्वर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पाण्याची ही वाटणी लगेच कळेल.

सव्वासातला मुक्कालीत पोचलो. कार्यालय उघडायला अवकाश होता. समोरच्या लहान हॉटेलात तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि हरभऱ्याची कडला कढी खाल्ली, दोघींचे चहासकट १६० रुपये झाले. पाणी गुलाबीसर आले तेव्हा ताईने पेला बाजूला सारला. तो पतिमुगम नावाच्या लाकडाचा काढा असतो आणि पाणी उकळलेले असते, म्हणून खरे तर तेच प्यावे. निघताना दुपारच्या जेवणाचे तिथेच सांगून ठेवावे. पुढे वरपर्यंत खाण्याचे काहीही मिळत नाही, आणि परत येईपर्यंत हॉटेलातले जेवण संपलेले असण्याची शक्यता असते.

आठ वाजता खिडकी उघडली. आमच्यापुढे दोनच गट होते, तरी बराच वेळ गेला, कारण ताईच्या नावाचा घोळ निघाला. नोंदणीत भाचीने तिचे घरचे नाव घातले होते. आधारकार्डावर लग्नानंतरचे नाव आहे, आणि आमच्याकडे लग्नात नाव बदलण्याची पद्धत असल्यामुळे दोन्ही नावांत एक अक्षरही सारखे नाही. कारकून शांतपणे कार्ड पाहत होता आणि पुन्हा पुन्हा यादी पाहत होता. मी हिंदीत, मग इंग्रजीत, मग हातवारे करून लग्नाची गोष्ट समजावली. शेवटी त्याने भाचीचा फोन नंबर विचारला, तो यादीशी जुळला आणि प्रश्न मिटला. नोंदणी करताना ओळखपत्रावर आहे तसेच नाव द्यावे, आणि ओळखपत्राच्या दोन छायाप्रती जवळ असाव्यात. त्यानंतर वहीत नाव, वय, पत्ता लिहायचा आणि स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याच्या मजकुरावर सही करायची.

जीपचे भाडे माणशी नसते, गाडीमागे असते. प्रवेशशुल्क आणि वाटाड्याचे शुल्क धरून आम्हाला एका जीपचे तीन हजारांच्या वर सांगितले. आम्ही दोघीच होतो, जागा पाच जणांची. मागे त्रिशूरहून आलेले तीन महाविद्यालयीन विद्यार्थी उभे होते. त्यांनीच विचारले की एकत्र जायचे का. आमचे दोघींचे मिळून १,३०० रुपयांत भागले. शिवाय त्यांच्यामुळे दुभाषा मिळाला, तो फायदा पैशांपेक्षा मोठा. दर बदलत असतात, म्हणून माझे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत आणि थोडी रोकड जवळ ठेवावी. मोबाईलची रेंज त्या सकाळी दोनदा गेली.

आमचा वाटाड्या मुडुगा समाजातील तिशीचा तरुण होता. अट्टप्पाडीत इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा हे आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि उद्यानातील बरेच वाटाडे आणि चालक तिथलेच असतात. त्याने आमच्या पिशव्या तपासल्या, प्लास्टिकची वेष्टने काढून ठेवायला लावली आणि आम्हा दोघींना ‘चेची’, म्हणजे ताई, म्हणून हाक मारायला सुरुवात केली. ताईला दिवसभर कळेना की तो तिला बोलावतो आहे की मला. जळवांसाठी आम्ही मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी आणली होती. ती पाहून तो हसला आणि ‘अट्टा जूनमध्ये’ असे काहीसे म्हणाला. अट्टा म्हणजे जळू. ताईने मला हळूच विचारले, इथे जूनमध्ये पीठ का वाटतात.

जीप आठ वाजून पन्नास मिनिटांनी निघाली. आता गुडघ्याबद्दल. रस्ता काही ठिकाणी बरा, बाकी दगडगोट्यांचा आहे, आणि २३ किलोमीटरला पावणेदोन तास लागतात, यावरून कल्पना यावी. मागच्या बाकांवर बसले की प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यातून डोक्यापर्यंत जातो. ज्येष्ठांनी पुढची जागा आधीच मागून घ्यावी. आम्ही संकोच केला. अर्ध्या वाटेत मुलांनीच ताईला पुढे बसवले. पाठीमागे ठेवायला लहानशी उशी किंवा गुंडाळलेली शाल असली तर फार फरक पडतो. ज्यांना मान किंवा कंबरेचे मोठे दुखणे आहे त्यांनी ही सहल करू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

जंगल एकदम सुरू होत नाही. आधी विरळ झाडी, मग वेली, मग एका वळणानंतर ऊन नाहीसे होते. त्यानंतर गारवा जाणवतो आणि ओल्या पानांचा वास येतो. आपल्याकडे आंबोलीत किंवा कोयनेच्या आत असा वास येतो, पण इथे तो तास उलटला तरी संपत नाही. पहिला थांबा शेकरूसाठी झाला. वाटाड्या ‘मलयण्णान’ म्हणाला आणि आम्ही दोघी एकाच वेळी ‘अगं, शेकरू’ म्हणालो. भीमाशंकरचा शेकरू आणि हा एकाच जातीचे. याच्या पाठीवरचा काळा रंग मात्र जास्त गडद वाटला. महाराष्ट्राचा राज्यप्राणी इथे निवांत फांदीवर पसरून काहीतरी कुरतडत होता. नंतर निलगिरी वानरांची टोळी दिसली, काळ्याभोर अंगाची आणि डोक्यावर तपकिरी केसांची.

सिंहपुच्छ माकड, म्हणजे मल्याळममधला ‘सिंहवालन कुरङ्ङ’, हा या जंगलाचा मानकरी. त्याचे एक आवडते खाद्य म्हणजे वेडिप्लावु नावाच्या उंच झाडाची फणसासारखी काटेरी फळे. वाटाड्याने रस्त्यावर पडलेल्या अशाच काटेरी सालींचे तुकडे उचलून दाखवले आणि जीप थांबवली. सगळे वर पाहू लागले. नेमकी त्याच वेळी माझ्या बुटाची नाडी सुटलेली होती आणि मी खाली वाकले होते. ताई म्हणते की तिने शेपटी पाहिली, टोकाला झुपका असलेली, चार-पाच क्षण. एका मुलालाही ती दिसली. मी मान वर केली तेव्हा फांदी हलत होती.

पावणेअकराच्या सुमारास सैरंध्रीला पोचलो. अज्ञातवासात विराटाच्या घरी द्रौपदीने घेतलेले हे नाव. पांडव या रानात राहिले अशी इथली आख्यायिका आहे. म्हणून जागा सैरंध्री आणि नदी कुंती. इंग्रजांनी सैरंध्रीचेच सायलेंट केले, असे काही जण मानतात. काहींच्या मते इथे रातकिड्यांची किरकिर नसल्याने हे नाव पडले, तर आणखी एक मत सिंहपुच्छ माकडाच्या ‘सिलेनस’ या शास्त्रीय नावाकडे बोट दाखवते. रातकिड्यांबद्दल माझा अनुभव असा की खालच्या टप्प्यात ते कानठळ्या बसवत होते, आणि वर, निदान त्या सकाळी, खरोखर शांतता होती.

तिथे सुमारे ३० मीटर उंचीचा लोखंडी निरीक्षण मनोरा आहे. ताई खाली झाडाच्या सावलीत बसली. मी चढले, पण अर्ध्यावर थांबून कठडा धरला, कारण वाऱ्याने मनोरा किंचित हलतो आणि पायऱ्यांच्या फटींतून खालचे दिसते. मागच्या मुलाने घाई केली नाही, म्हणून वर जाऊ शकले. चढताना खाली पाहू नये आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

वरून दिसते ते असे. चारी बाजूंना डोंगर, उत्तरेला निलगिरीच्या रांगा, त्यांत २,३८३ मीटर उंचीचे अंगिंडा शिखर, आणि मधल्या सगळ्या भागात झाडांचे शेंडे, कुठेही खंड नसलेले. घर नाही, तार नाही, खांब नाही. आयुष्यभर विजेच्या बिलांवर काम केलेल्या माणसाला खांब नसणे सर्वांत आधी दिसते. वाटाड्याने दक्षिणेकडे, दोन डोंगर जवळ येतात आणि नदी त्यांच्यामधून निसटते त्या जागेकडे हात केला आणि इंग्रजीत एकच शब्द म्हणाला, ‘डॅम’.

जागा इतकी योग्य होती की मला हसू आले. अरुंद घळ, मागे रुंद खोरे, भरपूर पाऊस. आमच्या वडिलांनी पाहिली असती तर तेही ‘इथेच’ म्हणाले असते. इंग्रजांच्या काळात, १९२८ मध्येच ही जागा हेरली गेली होती. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने १२० मेगावॅटच्या प्रकल्पाला मान्यता दिली. मग केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक-कार्यकर्ते, कवयित्री सुगतकुमारी, पक्षितज्ज्ञ सलीम अली असे अनेक जण विरोधात उभे राहिले, एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अभ्यास केला आणि १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. राष्ट्रीय उद्यानाची घोषणा १५ नोव्हेंबर १९८४ ची, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर जेमतेम पंधरवड्याने झालेली. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी उद्घाटन केले. पुढच्याच वर्षी निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्र झाले, ज्याच्या उभारणीत आपल्या माधव गाडगीळांचा वाटा होता.

मी धरणांच्या विरोधातली नाही. कोयनेच्या १,९६० मेगावॅटमधून महाराष्ट्राला काय मिळाले हे मी रोज टेबलावर पाहिले आहे, आणि आमच्या घरातले अन्नही त्याच प्रकल्पाचे होते. पण शिवसागराचे पाणी उन्हाळ्यात उतरले की काठावर जी तांबडी उघडी पट्टी दिसते, ती आम्ही लहानपणापासून डोंगराचाच भाग समजत आलो होतो. त्या पट्टीखाली काय होते, हे मनोऱ्यावरून पहिल्यांदा समोर दिसले. मी तिथे वीसेक मिनिटे उभी होते. मग पुढच्या गटाला जागा देण्यासाठी उतरावे लागले.

नदी सैरंध्रीपासून दीड किलोमीटर खाली आहे. ताईला वाटाड्याने चौकीतील कर्मचाऱ्यांजवळ बसवले आणि मी मुलांसोबत गेले. उतार सोपा, परतीचा चढ दमवणारा. मला जाण्यास पंचवीस मिनिटे आणि येण्यास पन्नास लागली. कुंतीचे पाणी इतके नितळ होते की तळातले गोटे मोजता आले असते. झुलत्या पुलावर त्या दिवशी सोडत नव्हते आणि पाण्यात उतरायलाही मनाई होती, म्हणून काठावरच्या दगडावर बसून डबा खाल्ला. दशम्या तिसऱ्या दिवशीही चांगल्या राहतात, हे पुन्हा सिद्ध झाले. वर आले तेव्हा ताई चौकीतल्या बाईंशी बोलत बसली होती. एक मराठीत, दुसरी मल्याळममध्ये, आणि विषय सुनांचा होता असे दोघींच्या चेहऱ्यांवरून वाटले.

परतीला एकच्या सुमारास निघालो, पावणेतीनला मुक्काली. जेवण ठेवलेले होते. वाटाड्याला आम्ही वर थोडे पैसे देऊ केले, ते त्याने आधी घेतले नाहीत आणि मग ताईने हात धरून दिले तेव्हा घेतले. घाईत निघू नये. कार्यालयाजवळ माहितीकेंद्र आहे, ते आम्ही खरे तर सकाळच्या रिकाम्या वेळेतच पाहायला हवे होते. संध्याकाळी सातला कोइंबतूरला पोचलो. टॅक्सी, उद्यानाचा वाटा, खाणेपिणे आणि किरकोळ धरून दोघींचा त्या दिवसाचा खर्च ६,४०० रुपये झाला. ताईचा गुडघा दोन दिवस सुजला, शेकून बरा झाला. पुन्हा जायचे तर मुक्कालीत किंवा अट्टप्पाडीतल्या अगळी गावात आदल्या रात्री मुक्काम करावा, असे आमचे दोघींचे एकमत आहे.

शेपटीबद्दल मात्र एकमत नाही. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरील सोलापूरच्या कुटुंबाला ताईने ती हातभर लांब असल्याचे सांगितले. दौंड येईपर्यंत ती दीड हात झाली होती.